पाळण्यातले कांदे

बसा मावश्यांनो, जरा भिंतीकडे सरका, मागच्यांना जागा होईल. पोरांच्या या खोलीत एवढी मोठी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय. कमलताई असत्या तर म्हणाल्या असत्या, चपला बाहेर आणि आवाज बारीक. मला आवाज बारीक ठेवता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तरी बोलतो.

मी पंकज. कॉलेज अर्ध्यात सोडलं, तोच. ताईंच्या या पाळणाघराचे अनुदानाचे अर्ज मी टाइप करायचो. कशासाठी यायचो, ते ताईंनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "पंक्या, तू काही पोरांसाठी येत नाहीस. रेखासाठी येतोस. ये बाबा, पण येताना दूध घेऊन येत जा." पोरं सांभाळणारी रेखा ती तिथे बसली आहे. माझ्याकडे बघत नाहीये. बरोबरच आहे तिचं.

आत्ता फाउंडेशनचे साहेब बोलले. ताईंच्या नावानं काहीतरी भव्य करू म्हणाले. साहेब, राग मानू नका, पण 'भव्य' म्हटलं की मला संशय येतो. ताईंच्या फोटोमागे तुमचा बॅनर आहे. फोटो केवढा? बॅनर केवढा?

तुमच्या अर्जात विचारलेलं असायचं, अनुदानातून कोणती वस्तू घेणार? वस्तू! म्हणजे जिच्यावर नाव रंगवता येईल अशी. ताई दर वर्षी म्हणायच्या, "रेखाचा पगार लिही." मी लिहायचो. दर वर्षी तुमच्या ऑफिसातून फोन. "पगार इसमें नहीं बैठता भैया, कुछ सामान लिखो." शेवटी मीच चिडून लिहिलं, स्टीलचे पाळणे. लगेच मंजूर.

पाळणे आले. पोरं त्यात झोपेनात. कशी झोपतील? मावश्यांनो, तुम्हीच सांगा. लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाताना तुम्ही आपली नेसून विटलेली साडी ताईंकडे ठेवून जायच्या. ताई तिची झोळी बांधायच्या. ज्याच्या आईची साडी, त्याचीच झोळी. आईचा वास आला की पोर झोपलं. साहेब, या वासावर नाव कुठे रंगवणार होता तुम्ही?

मग पाळण्यांत खिचडीचे कांदे राहायला लागले. तुमची माणसं बघायला येणार म्हटलं की कांदे काढायचे, पाळणे पुसायचे, पोरं निजवायची, फोटो काढायचा. पोरं नुसती बोंबलायची. माणसं गेली की पुन्हा झोळ्या, पुन्हा कांदे. मी ताईंशी भांडायचो. हे नाटक कशाला? ताई म्हणायच्या, "तुझा राग मोठा, का पोरांची झोप मोठी?" मला वाटायचं, ताईसुद्धा यांना सामील झाल्या. हो, मी ताईंवर संशय घेतला. आज तुमच्यासमोर कबूल करतो.

मागच्या पाहणीला एका मॅडमनं विचारलं, "बच्चे इसमें कितनी देर सोते हैं?" रेखा शेजारीच उभी होती. तिच्यासमोर मला शूर व्हायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, इसमें प्याज सोता है." काही जणी हसल्या. रेखा हसली नाही.

महिन्याभरात पत्र आलं. अनुदान थांबवलं. खिचडीचा खर्च मावश्यांच्या फीतून भागवायला लागला आणि रेखाचा पगार थकला.

ताई तुमच्या ऑफिसचे जिने दोनदा चढल्या, साहेब. का चढल्या? मला कधी बोलल्या नाहीत. गेल्या मंगळवारी झोळी बांधता बांधता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. परवा रेखानं सांगितलं, त्या माझ्या वतीनं तुमची माफी मागायला गेल्या होत्या. तुम्हाला म्हणाल्या होत्या ना, "पोरगं तोंडाचं फटकळ आहे, पण खोटं बोललं नाही"? बघा, माफी मागतानासुद्धा पाळण्याबद्दल खोटं बोलल्या नाहीत.

आता सोमवारचं बोला. रेखाला साड्यांच्या दुकानात काम मिळतंय. तिच्या घरची चूल तिच्यावर आहे. ती गेली, तर सोमवारी हे दार कोण उघडणार? या सगळ्या जणी पोरं लूमच्या धुळीत, मशीनच्या फिरत्या पट्ट्याशेजारी घेऊन बसणार?

मी रेखाची वकिली करतोय, असं तुम्हाला वाटत असेल. करतोय. पण माझ्यामुळे अडलं असेल, तर ते आज इथेच मिटवू. रेखाच्या वर्षभराच्या पगाराचं पत्र द्या. मी या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. दूध दाराबाहेर ठेवून जाईन. तोंडी शब्द नको साहेब. तोंडी शब्दावर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा नाही. पत्र द्या. बॅनर घेऊन जा, पाळणेही घेऊन जा. कांद्यांसाठी आम्ही पोतं बघू.

ताई, तुमच्या झोळ्या आज आम्ही सोडलेल्या नाहीत. शेजारच्या खोलीत बांधल्या आहेत, तुमच्यासारखी गाठ मारून. माझी एक निसटली होती, ती रेखानं पुन्हा बांधली.

आता श्रद्धांजलीसाठी कुणी उभं राहू नका. चपला वाजतील. ताई दाराशी येऊन जे सांगायच्या, तेच सांगतो आणि बसतो.

पोरं झोपलीत. गप बसा.