सतरा नंबरच्या कॅमेऱ्यात

दिव्या : आधी खुर्चीवर बसा, सुकरीबाई. आणि स्क्रीनला बोट लावू नका.

सुकरी : पन निरोप काऊन धाडला? मी सरपण नाई तोडलं, आधीच सांगतो.

दिव्या : तोडलं म्हणालं कोण? ही कॅमेऱ्याची चिप आहे, सतरा नंबरची. वाघ मोजायला आम्ही झाडाला डबा बांधतो ना? समोर काही हललं की लागोपाठ तीन फोटो निघतात.

सुकरी : मंग वाघ दाखवाले बलावलं का मले? वाघ मी मोहाखाली फुकटात पाह्यतो, पोरी.

दिव्या : ऐका तर. गेल्या सालची चिप, खोक्यात राहून गेली होती. आज त्यातले फोटो निवडते आहे. जनावरांचे फोटो ठेवायचे, माणसांचे पुसायचे. दुपारी साहेब घेऊन जातील. त्याआधी तुम्ही बघा. हा पहिला.

सुकरी : हे कोन व, थोबाड फुगवून... अगे! हे तं मी होय!

दिव्या : तुम्हीच. अठरा एप्रिल, सकाळचे सात बेचाळीस.

सुकरी : सोनीबाईच्या पोरीचं लगन! माह्या बहिणीच्या! थे साडी पाह्य ना, आरमोरीच्या बाजारातली. हिरवी कशी उठून दिसते! आन् वर तोंड पाह्य.

दिव्या : याच चिपेत एक अस्वल आहे. त्याचा चेहरा बरा आहे.

सुकरी : हास, हास. राग होताच मले. मी म्हटलं, नवी साडी हाये, बसनं जाऊ. माहा बुढा म्हने, दोन कोस तं हाये, जंगलातून पायीच जाऊ. मी पुढं निंगाली ते निंगालीच. बोलली नाई, वळून पाह्यली नाई. थो बी बोलला नाई. मांडवात थो मानसाइत बसला, मी बायाइत.

दिव्या : त्यानंतर कुठं गेलाच नाहीत तुम्ही दोघं.

सुकरी : कुठी जातो? पंधरा दिवसानं दवाखान्याच्या वाटेतच संपला थो. घरी बोलत होतो आमी, मीठ दे, बैल बांध. पन त्या वाटेचं नाव त्यानं काढलं नाई, मी बी नाई. वरीस झालं, मले हेच खाते. दोन कोस मुका चालला. मी त्याच्या मनातून उतरलीच असन.

दिव्या : दुसरा दाखवू?

सुकरी : दाखव ना!

दिव्या : तुम्ही डब्याजवळ आल्या आहात. आणि मागं तुमचे मालक, पत्रूभाऊ.

सुकरी : बुढा! पाह्य, पाह्य, बुढा! टोपी वाकडीच! हात काऊन वर केला त्यानं? सलाम करते काय तुह्या डब्याले?

दिव्या : थांबा, मोठा करते. मुठीतून काहीतरी सुटलं आहे. आणि तुमच्या डोक्यावर हे पिवळं काय?

सुकरी : मोहफूल होय थे.

दिव्या : कसं असेल? सतरा नंबरजवळ मोहाचं झाडच नाही. सगळा साग आहे.

सुकरी : थांब. थांब व पोरी. त्या दिवशी मांडवात सोनी म्हने, बाई, तुह्या बुचड्यात मोहफुलं अडकली हायेत. मी म्हटलं, झाडाखालून आलो, पडली असन.

दिव्या : मग ही आली कुठून?

सुकरी : खिशातून! घरून खिसा भरून निंगाला होता बुढा! मले मारून राह्यला मागून! पाठीवर टपटप लागे, मले वाटे माकड होय! माकडच होय थो!

दिव्या : तुम्ही वळावं म्हणून.

सुकरी : दोन कोस, दिव्या! दोन कोस फुलं पुरवली त्यानं!

दिव्या : आता तिसरा. यात ते एकटे आहेत.

सुकरी : अगे माय! दात पाह्य त्याचे! पडला थ्या दाताची जागा बी दिसते! कसा हासून राह्यला... हाच दे मले. घरी आधारकार्डावरचा हाये, त्यात थो चोरावानी दिसते.

दिव्या : साहेबांना सकाळीच विचारलं मी. ज्याचा फोटो त्यालाच द्यायचा, सही घेऊन. तुम्ही आहात ते दोन देते. हा नाही देता येत, पुसावा लागेल.

सुकरी : त्याची सही आता कोन करन?

दिव्या : मला वाईट वाटतं, सुकरीबाई. पण साहेबांनी तसंच सांगितलं आहे.

सुकरी : तुह्या साहेबाचं राहू दे. या कोपऱ्यात पाह्य. हिरवं काय होय हे?

दिव्या : सागाचं पान असेल.

सुकरी : सागाच्या पानाले जरीचा काठ असते काय?

दिव्या : मोठं करते... पदर आहे.

सुकरी : कोनाचा?

दिव्या : तुमचा. घ्या पेन. इथं करा सही.

सुकरी : नीट लिहितो. घाई नको करू.

दिव्या : (प्रिंटरमधून कागद काढत) कडेनं धरा. शाई ओली आहे अजून.

सुकरी : थो डबा तिथीच हाये काय?

दिव्या : तिथंच. त्याच सागाला.

सुकरी : मंग उद्या सोनीकडे जातो, फोटो दाखवाले. बसनं नाई, पायीच.

दिव्या : सोबत कुणी घ्या. आणि पुन्हा तुमचा फोटो निघेल त्यात. मला पुसावं लागेल.

सुकरी : पुसजो. तिथी थांबून एकदा मागं पाह्यतो, तेवढंच.