कावळखिंडीतली रिकामी सीट

ऐका. सरका जरा शेकोटीकडं, आणि ते मोबाइल ठेवा बाजूला. कावळखिंडीच्या घाटातली गोष्ट आहे.

केरबा गावडे. तीस वर्षं ट्रक हाकला गड्यानं. मग मालाच्या गाड्याही बिनड्रायव्हरच्या झाल्या. घाटातले धाबे एकेक करून बंद पडले आणि केरबाचं लायसन पेटीत गेलं. अशात एका संध्याकाळी जावयाचा फोन. घाटाखालच्या दवाखान्यात लेक अडलीय, रक्त लागतंय, तुमचंच जुळतंय, गाडी धाडतोय.

अंधार पडल्यावर गाडी दारात आली. आत कुणी नाही. केरबाचं डोकं फिरलं. हिनंच माझं पोट मारलं, म्हणून तो पुढं बसलाच नाही. मागं आडवा झाला. चूक झाली ती तिथंच, बघा.

घाटमाथ्यावर गाडी थांबली. रस्ता मोकळा. पण गाडीतल्या पडद्यावर माणसाची आकृती, रस्त्याच्या मधोमध. "समोर व्यक्ती आहे," गाडी म्हणाली. केरबानं डोळे चोळले. कुणी नाही. आकृती बाजूला झाली, गाडी निघाली.

पहिल्या वळणावर परत थांबली. आता आकृती दाराशी. दार उघडलं. लागलं. ड्रायव्हरची सीट खचली. ऐकताय ना? पट्टा आपोआप ओढला गेला, खट्कन बसला. पडद्यावर अक्षरं आली, प्रवासी दोन.

गाडी उताराला सुसाट सुटली. "थांब, थांब," केरबा म्हणतोय, गाडी ऐकेना. आणि विडीचा वास आला. वास ओळखीचा होता. तातोबाचा.

तातोबा म्हणजे केरबाच्या जोडीचा ड्रायव्हर. पंचवीस वर्षांमागं, याच घाटमाथ्यावर, दोन रात्री जागलेल्या तातोबानं केरबाला हलवलं होतं. "ऊठ, तुझी पाळी." केरबा म्हणाला, "जरा पडू दे." तिसऱ्या वळणावर तातोबाचा डोळा लागला. ट्रक दरीत. केरबा बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेच तिसरं वळण आलं. कठडा तुटलेला. पुढून आवाज आला, फार दमलेला. "ऊठ केरबा. तुझी पाळी."

केरबा दोन सीटांमधून पुढं झेपावला. दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाय आडवा टाकून ब्रेकवर. स्टेअरिंग गार पडलेलं. "उठलो, तात्या. गाडी माझ्या हातात दे. तू उतर. झोप आता."

गाडी थांबली. पुढचं चाक अर्धं दरीवर. पट्टा सुटला, दार उघडलं. पडद्यावर ती आकृती हळूहळू झाडाखाली गेली आणि आडवी झाली.

केरबा रडला, पोटभर. मग त्याच सीटवर बसून स्वतः गाडी खाली नेली. रक्त वेळेत मिळालं, लेक वाचली. जावई म्हणाला, "मामा, गाडी आपोआप चालते की. तुम्ही कशाला चालवलीत?"

"माझी पाळी होती," केरबा म्हणाला.

तर रात्रीचं त्या घाटानं जाऊ नका. जावंच लागलं तर पुढची सीट रिकामी सोडू नका. तातोबा झोपला. पण त्या दरीत गेलेला तो काही एकटा ड्रायव्हर नव्हे.