बारा तारखेचं लगीन

आमदारांच्या कचेरीत माझा नंबर यायला वेळ होता. पुढच्या बाकावर एक म्हातारा मुलाची लग्नपत्रिका धरून बसलेला, शेजारी त्याची पुतणी. हळू बोलायची रीत दोघांनाही नव्हती, त्यात माझा काय दोष?

“तात्या, अमृतदादाचं लगीन बारा डिसेंबरला. आन् विधानसभेत आपला प्रश्न कवा हाय?”

“बारालाच. तूच सांगितलंस न्हवं?”

“मग सायेब मांडवात आलं, तर नागपुरात प्रश्न कोण विचारणार?”

“आगं, आमदार न्हाई आला तर व्याही काय म्हणतील?”

“कोयनेच्या धरणात गाव बुडालं. बदली दिलेल्या जमिनीचा साठ वर्सं सातबारा न्हाई. त्यावर व्याही काय म्हणत्यात?”

“लय बोलतीस.”

“आयर्लंड देश नवा स्वतंत्र झाला, तवाचं तिथलं आमदार सभेत उभं राहून गावच्या जमिनीचं, पोस्टाचं विचारायचं. पुस्तकात हाय.”

“त्यांच्याकडं लग्नं न्हवती व्हय?”

“असतील की. पर लोक आमदाराला बोलवत नसतील.”

म्हाताऱ्यानं पत्रिका उघडून तारखेवर बोट ठेवलं. तेवढ्यात साहेबांचा माणूस बाहेर आला.

“काका, द्या पत्रिका. बाराला साहेब नक्की येणार.”

“पत्रिका घ्या. जेवायला तेराला या म्हणावं. बाराला सायेब मांडवात दिसलं, तर नवरदेवाच्या आधी त्यांचीच वरात काढीन, थेट नागपूरपातुर.”