खुंटीवरचा शर्ट

आणि वर मलाच म्हणतात, आई, तुला कुठे न्यायची सोय नाही. आता तुम्हीच ऐका आणि सांगा. एक होती आई, तिला होते दोन मुलगे, थोरला शाळेत मास्तर, धाकटा गाड्या दुरुस्त करणारा, आणि दोघांत चार वर्षांचा अबोला. ती आई म्हणजे मीच.

अबोला कशावरून? पोरांचे वडील गेले त्या दिवशी धाकटा परगावी होता. निरोप त्याला मिळाला संध्याकाळी, तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. त्याने मनात धरलं, दादाने मुद्दाम उशिरा कळवलं. आणि थोरला? तो खुलासा करील तर मास्तर कसला! माझं मागणं एवढंच, डोळे मिटायच्या आत दोघं एकमेकांशी धड बोललेले ऐकायचे. म्हणून हट्ट धरला, मला परदेश बघायचाय, दोघांनी मिळून न्या. म्हातारीला नाही कोण म्हणणार?

तर गेलो हो, तीस माणसांच्या घोळक्यातून. पुढे छत्री उंच धरून गाइड, आणि बसच्या शेवटच्या बाकावर एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा, मधे मी, टपाल कचेरी. आई, त्याला सांग पडदा ओढ. आई, त्याला म्हणावं डोळे मीट. सातव्या दिवशी गाइड म्हणतो, आता मोठी लढाई झाली त्या जागी चाललोय, घाबरू नका, युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली. मी म्हटलं, संपलं असेल बाबा तुमचं.

जमिनीखाली भुयार, दगडी पायऱ्या, गुडघ्यांनी तर तिथेच शरणागती पत्करली. खाली शिपायांच्या खोल्या, जशाच्या तशा ठेवलेल्या. लोखंडी खाटा, पत्र्याचे मग, भिंतीवर कुणी खिळ्याने दिवस मोजत ओढलेल्या रेघा... गाइड सांगत होता, इथे इतके गेले, तिथे तितके. मला आकडे कुठले कळायला? मला दिसला खुंटीवरचा शर्ट. एवढासा हो, मिसरूड फुटलेल्या पोराच्या मापाचा, आणि त्याचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. लावू नंतर, म्हणाला असेल... आणि ते नंतर आलंच नसेल.

आता बटण लोंबताना बघून पुढे जाईल ती आई कसली? हॉटेलात साबणाशेजारी सुईदोऱ्याची पुडी ठेवलेली, ती माझ्या पर्समध्ये होतीच. मधे एक दोरी बांधलेली, मला वाटलं त्यांची कपडे वाळत घालायची. वाकून आत गेले, खाटेवर टेकले, शर्ट मांडीवर घेतला. घोळका गेला पुढे. युद्ध संपलं म्हणे, मग घाई कुणाला होती?

गाठ मारून दोरा दाताने तोडते तोच राखण करणारी बाई दारात. पांढरे केस, माझ्याच वयाची, किंचाळलीच. गाइड धावत आला, त्यामागे माझे दोघे, घामाघूम. गाइड म्हणाला, आजी, ते बटण ऐंशी वर्षं तसंच लोंबत होतं. मी म्हटलं, आणि ऐंशी वर्षांत एकाही बाईला ते खटकलं नाही? ते त्याने बाईला सांगितलं. तिने टाका बोटाने चाचपला, चांगला म्हणून मान हलवली, पण उसवायलाच लावलं. नियम म्हणजे नियम.

मी उसवायला घेतलं, आणि तेवढ्यात धाकटा फुटला. टपाल कचेरीला वगळून, थेट.

"आई सापडत नाही, हे मला लगेच का नाही सांगितलंस?"

"फोन लावत होतो. भुयारात लागत नव्हता." थोरल्याचा आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशीही लागत नव्हता. सकाळपासून लावत होतो रे."

"मग चार वर्षांत बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

टाके होते चारच, उसवायला दोन मिनिटं पुष्कळ. पण मी एकेक धागा असा सावकाश ओढला, असा सावकाश... सुई हरवल्याचं सोंग केलं, चष्मा पुसला. ती राखण करणारी बाई काय समजायचं ते समजली असावी, तिने मला घाई केली नाही. उलट स्टूल ओढून शेजारी बसली. वर आलो तेव्हा धाकट्याचे डोळे लाल होते आणि थोरला त्याची पिशवी उचलून चालत होता.

युद्ध संपलं म्हणे. संपलं हो, देवाची कृपा, घराला चांगले दिवस आले. आता दर रविवारी दोघं माझ्या खोलीत येऊन बसतात आणि चार वर्षांचं साठलेलं बोलत राहतात, बोलत राहतात... मी मधे काही विचारायला तोंड उघडलं, की दोघं एका सुरात म्हणतात, आई, थांब जरा, आम्ही बोलतोय ना?

थांबते बापडी.