शुक्रवारची सही

— माझाच आहे तो. नवऱ्याचा कुठला, नवरा असता तर इतका इस्त्रीचा राहिला असता का? माझाच गणवेश. हात नका लावू हं, तुमच्या हाताला ग्रीस आहे आणि मला तीन वाजता घालून जायचंय. बसा — अहो त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय, त्या ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसा. कनातीला अर्धा तास लागेल. कापड चांगलंय तुमचं, दोरा कुजलाय उन्हानं, क्वीन्सलंडच्या उन्हात दोराच आधी जातो, लोक मात्र कापडाला शिव्या देतात. आणि कॅराव्हॅन लावताना ही बाजू पश्चिमेला नका करू. करता ना? वाटलंच मला.

तर तुमची मुलगी. ब्रॉनी. नर्स आहे, आणि तिला हवाई दलाच्या राखीव दलात जायचंय, आणि तुम्हाला वाटतं हे पोरीचं नवीन खूळ. विचारा, विचारा मला, बावीस वर्षं झाली मला त्या खुळात. आठवडाभर मी ही अशी, कनाती, तंबू, होडीची झाकणं शिवणारी रेलीन टोझर, आणि महिन्यातले दोन शनिवार नदीपलीकडच्या तळावर कॉर्पोरल टोझर. म्हणजे काय? म्हणजे स्टेपनी हो. गाडीला चार चाकं कायमची, ती कायमवाले, पगारी, रोजचे. पाचवं मागे टांगलेलं, ते आम्ही. त्यातही तीन प्रकार — काहीजण वर्ष-दोन वर्षं पूर्णवेळ येतात, काही माझ्यासारखे ठरलेल्या दिवशी, आणि काही नुसते यादीतले, नोकरी सोडून बियर पीत बसलेले, पण युद्ध पेटलं तर नाव आहे. कायमवाले कुठे बेटांवर वादळानंतर मदतीला गेले, वाळवंटात गेले, की त्यांच्या रिकाम्या खुर्चीत आम्ही. डॉक्टर-नर्सा तर निम्म्या राखीवच, शांततेच्या काळात रोज जखमी कुठून आणायचे त्यांना? इस्पितळाला ब्रॉनीला त्या दिवसांची रजा द्यावीच लागते, कायदा आहे तसा, सुपरवायझरनं तोंड कितीही वाकडं केलं तरी.

आणि माणसं काय एकेक! आमच्या गावचे मॅजिस्ट्रेट आहेत ना, लांब मानेचे, ते राखीवात साधे एअरमन होते, आणि गेटवर त्यांचा साहेब कोण, तर मटणवाला फर्गल. गुरुवारी मॅजिस्ट्रेटनी फर्गलला दारू पिऊन ती मागून उघडी यूट गाडी चालवली म्हणून दंड ठोकला, आणि शनिवारी फर्गलनं त्यांना बूट नीट पुसले नाहीत म्हणून धावपट्टीच्या कुंपणाभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत म्हणे एक कांगारू सोबतीला आला. कांगारू नव्हता असं मॅजिस्ट्रेट म्हणतात. पण फेऱ्या नाकारत नाहीत. — हसा, हसा. मीसुद्धा हसायचे हे सांगताना. आता सांगते नुसतं.

मी? मी पॅराशूट घडी करते आणि तराफे बांधते. रबरी तराफा, समुद्रात टाकायचा. कोणाची होडी बुडाली की विमान जातं, वरून पिशवी टाकतं, माणूस पोहत पिशवीशी येतो, दोरी ओढतो, बाटलीतला वायू सुटतो आणि तराफा फुगतो. सोपंय. घडी करायला चार तास लागतात. आणि नियम एकच — एकानं बांधायचं, दुसऱ्यानं पाहायचं. प्रत्येक तराफ्याच्या कार्डावर दोन सह्या. बांधणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या कधीच नाहीत, हवाई दलाचा सर्वांत मोठा साहेब आला तरी नाही.

पण आता बघा. पाहणारा आमचा सार्जंट आयव्हर ब्लाइद, कायमवाला. त्याची सुट्टी शनिवारी. आमचं काम शनिवारी. म्हणजे ज्या दिवशी बांधणारी येते त्या दिवशी पाहणारा नाही. मग काय करायचं? कार्ड सोमवारपर्यंत अडकवून ठेवायचं? तराफे तर हवेत. मग आयव्हर काय करायचा, शुक्रवारी घरी जाताना दुसऱ्या दिवशीच्या कार्डांवर सह्या करून जायचा. शुक्रवारची सही म्हणायचो आम्ही. "रे," म्हणायचा — मला रे म्हणतो तो — "रे, तुझं काम मी बावीस वर्षं पाहतोय, आता पाहिल्यासारखंच आहे." आणि शनिवारी लॉन बोल्सला, हिरवळीवर चेंडू घरंगळवायला. कॅप्टन आहे क्लबाचा, पांढरी टोपी वगैरे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. कायमवाले आम्हाला शनिवारवाले म्हणतात ना — "आज शनिवारवाले आलेत, चहाचे डबे लपवा" — आणि हा माणूस न पाहता सही करतो म्हणजे केवढा मान!

दोरा संपला. थांबा, बॉबिन भरते.

— हो, मोठ्यानं बोलतेय का मी? मशीनमुळे सवय झालीय.

ऑगस्टमध्ये एक होडी बुडाली. पेपरात आलं होतं, वाचलं असेल तुम्ही. एकटा माणूस होता, टास्मानियाचा, हामिश टर्वे नाव त्याचं, एकसष्ट वर्षांचा, निवृत्त होऊन बेटांकडे निघालेला. होडीनं पाणी घेतलं, त्यानं संदेश पाठवला, जॅकेट घालून पाण्यात उतरला. विमान गेलं दोन तासांत. पहिला तराफा टाकला, वारा फार, लांब गेला. दुसरा टाकला — अगदी बरोबर, चाळीस मीटरवर. तो पोहत गेला. पिशवी धरली. दोरी ओढली. विमानातून दिसत होतं सगळं, त्यांच्याकडे मोठे कॅमेरे असतात. ओढली, परत ओढली, पाय पिशवीला लावून ओढली. वीस मिनिटं ओढत होता. मग नुसता पिशवीला धरून राहिला. जहाज सहा तासांवर होतं. विमान गोल गोल फिरत राहिलं, दुसरं करणार काय? चौथ्या तासानंतर पिशवी एकटी दिसायला लागली. मग पिशवीही नाही.

तराफा नंबर सात. माझी सही. शेजारी आयव्हरची.

मला काही झालं नाही, तेच सांगायचंय. लोक विचारतात झोप लागते का. लागते. गाढ. दुपारी मटण भरलेली पाय-पेस्ट्री खाते, सॉस घालून, सगळी संपवते. बहीण म्हणाली, अगं रड एकदा, मोकळी होशील. मी बसले खुर्चीत, ती मोडलीय त्याच खुर्चीत, रडायला म्हणून. काहीच नाही. पंख्याला तेल घालायला हवं असं आठवलं, उठले, घातलं.

हे बघा, ही बाजू झाली. डोळे बदलायला हवेत तुमच्या कनातीचे, दोरी ओवायच्या ह्या कड्या, गंजलेत. पितळी घालू का? घालते.

चौकशी लागली मग. कॅनबेराहून एक विंग कमांडर बाई आल्यात, फार सभ्य, नोंदी स्वतः करतात. तराफा तर सापडला नाही, तपासायचं काय? कार्ड तपासलं — दोन सह्या. फळा तपासला — पूर्ण. फळा म्हणजे असं, बाटलीच्या तोंडाला एक खीळ असते, लाल फीत लावलेली, घडी करताना चुकून वायू सुटून तोंडावर येऊ नये म्हणून. पिशवी बंद करायच्या आधी खीळ काढायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या तराफ्याच्या नंबराच्या हुकावर, आकड्यावर, टांगायची. बारा तराफे, बारा आकडे. आकडा रिकामा म्हणजे खीळ अजून आत. आत राहिली तर पाय लावून ओढा की हत्ती लावून ओढा. तर फळ्यावर बारा आकडे, बारा खिळी. बाईंनी फोटो काढला. त्यांचं मत जवळजवळ झालंय — बाटलीत दोष असावा, कारण अज्ञात. माझा जबाब टाइप करून ठेवलाय. "खीळ काढून टांगली. सार्जंट ब्लाइद यांनी समक्ष पाहिलं." तीन वाजता जाऊन सही करायची, झालं. सकाळी आयव्हरचा फोन आला. म्हणाला, "रे, आठ महिने राहिलेत माझे. आपण दोघांनी बावीस वर्षांत चूक केलेली नाही. केलीय का?" मी म्हणाले, नाही केली. "मग झालं तर," म्हणाला, "शनिवारी ये क्लबात, मी सॉसेज भाजतोय."

त्याला माहीत नाही. आयव्हरला खरंच माहीत नाही.

पितळी डोळे कुठे ठेवले मी — त्या डब्यात असतील, तुमच्या मागे, निळा डबा. नाही, तो नको. तो राहू दे. मी घेते.

— काही नाही त्यात. डोळे, हूक, भंगार. मार्च महिन्यात ह्याच डब्यात एक खीळ निघाली होती. तळावरची, लाल फितीची. कशी आली? अहो, अप्रन एकच ना माझा. इथेही तोच, तिथेही तोच. खीळ काढली, खिशात टाकली, टांगायची विसरले आणि घरी घेऊन आले. पुढच्या वेळी गुपचूप नेऊन टांगली. असं कायमवाल्याचं होणार नाही, त्याचा अप्रन तळावरच लटकतो. हे आमचंच. आठवडाभर इथे, शनिवारी तिथे, त्यातलं काही ना काही खिशात राहतंच.

मग जुलैत एका शनिवारी गेले तर आकडा सात रिकामा. पंधरा दिवसांपूर्वी मीच बांधला होता सात नंबर, तोवर विमानात चढलासुद्धा होता. आता अशा वेळी करायचं काय असतं? फोन उचलायचा. "सात नंबर खाली उतरवा, खीळ सापडत नाही." दहा शब्दसुद्धा नाहीत. मी फोनजवळ उभी होते. पण फोन केला की पहिला प्रश्न येणार, त्या शनिवारी फळा मोजला कुणी? पाहणाऱ्यानं मोजायचा असतो. पाहणारा लॉन बोल्सला होता. आणि दुसरं म्हणजे — हसतील हो. शनिवारवाली खीळ विसरली. बावीस वर्षांनी. मी म्हटलं, खिशातच असणार, मार्चसारखी. घरी आले, अप्रन झटकला, डबा उपडा केला. नव्हती. मग म्हटलं, पडली असेल यूटमध्ये, गेली असेल कचऱ्यात. नक्की घरीच आली असणार. नक्की. एक जुनी बाद खीळ होती माझ्याकडे, तिला इथे, ह्याच मशीनवर, लाल फीत शिवली. छान शिवली. पुढच्या शनिवारी टांगली सात नंबरवर. फळा पूर्ण.

चार आठवड्यांनी हामिश टर्वे पाण्यात होता.

— पाणी नको. तुम्ही बसा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बहिणीलाही नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं, तुम्ही तर मुलीचं विचारायला बसलात. आता माझ्या तोंडून निघालं आणि तुम्ही समोर बसून ऐकलंत. आमच्याकडे कसंय, एकानं केलं आणि दुसऱ्यानं पाहिलं की ते काम धरलं जातं. त्याआधी नाही. चार महिने नुसतं माझ्यापाशी होतं, म्हणून बहुतेक काही वाटत नव्हतं. आताही वाटत नाही फारसं. हात फक्त गार पडलेत, ह्या उकाड्यात, बघा.

आयव्हरला फोन करू? तो म्हणेल थांब, मी येतो, आणि येईल, आणि त्याचं तोंड पाहून मी काहीच बोलणार नाही. नाही करत. त्याला त्या बाईंकडूनच कळू दे.

झाली तुमची कनात. दुहेरी शिवण घातलीय, वादळात कॅराव्हॅन जाईल, कनात राहील. ही दोन टोकं धरा. अशी. घडी मी करते, तुम्ही करू नका, तुमची घडी वाकडी येते.

— हे काय, कागद कसला? ब्रॉनीचा अर्ज. हे केव्हापासून खिशात होतं तुमच्या? "सेवेतील व्यक्तीची शिफारस." आणि पेनही आणलंयत. म्हणजे खूळ म्हणत होतात आणि सही घ्यायलाच आला होतात होय! लबाड आहात. नर्स चांगली आहे का? रात्रपाळीला डोळा लावते का मध्येच? नाही? तुम्ही बाप आहात, तुम्ही हेच म्हणणार.

तिला पाठवा. नक्की पाठवा, हवीत अशी माणसं. पण सही मी करणार नाही. मी तिला पाहिलेलं नाही — एकदाही नाही — आणि न पाहता केलेली सही काय करते ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. शिवाय माझी सही घेऊन गेलात तर पुढच्या आठवड्यात तिलाच विचारतील, ही बाई तुझी कोण? पोरीची सुरुवातच माझ्या नावानं नको. मॅजिस्ट्रेटकडे जा. किंवा फर्गलकडे जा, मटण घ्या आणि सही घ्या, तो ब्रॉनीला ओळखतो, त्याचं बोट तिनंच शिवलं होतं असं ऐकलंय.

अडीच वाजले का? वाजलेच. मला त्या टाइप केलेल्या कागदावर दोन ओळी खोडायच्यात आणि चार लिहायच्यात, आणि मी हळू लिहिते. पैसे राहू द्या, नंतर बघू. दार ढकलून ठेवा बाहेरून. निघा आता, निघा.