घोडे माझे

ठिणगी: ...आणि वर म्हणतोस, माझं पायदळ रेंगाळलं! दादा, जरा तरी लाज वाटू दे!

दादा: रेंगाळलंच! मी घोडे घेऊन एकटा भिडलो, तेव्हा तू कुठे होतीस?

ठिणगी: तीन वीत मागे! शिपाई पायी चालतात, पंख नाही फुटलेले त्यांना! नेपोलियनच्या लढाया खेळतोय आपण टेबलावर, गाढवांची शर्यत नाही. ठरलं काय होतं? घोडे नुसते समोर उभे करायचे. ते बघून शत्रू चौकोन करतो, चारी बाजूंना संगिनी रोखून गच्च उभा राहतो. मग त्या गर्दीवर माझं पायदळ गोळ्या झाडणार, चौकोन फुटला की तुझे घोडे आरपार! आणि तू? आल्या आल्या संगिनींवर उड्या!

दादा: फासे वाईट पडले.

ठिणगी: वा रे वा! नाचता येईना अंगण वाकडं! मामा, तू पंच आहेस ना? सांग की याला!

मामा: पंच आहे म्हणूनच तोंड शिवून बसलोय. दुसरा डाव लगेच लावा. हाही हरलात तर स्पर्धेतून गाशा गुंडाळायचा.

ठिणगी: मग या डावात घोडे माझे.

दादा: हॅ! जोडीचा कप्तान मी आहे.

ठिणगी: का? आधी जन्मलास म्हणून? अख्खी सुट्टी मान मोडून एकेक घोडा कुणी रंगवला? शेपट्यासुद्धा! रंगवायला ठिणगी आणि दौडवायला दादा, हा कुठला न्याय?

दादा: तुला धीर आहे का धीर? नुसती फणफणतेस.

ठिणगी: मला धीर नाही? मला?

मामा: ए, हळू! पलीकडच्या टेबलावरचे शिपाई आडवे होतील.

दादा: घे बाई, घे घोडे. हरलो तर जन्मभर तुझ्या नावानं खडे फोडीन.

(दुसरा डाव. तिचे घोडे टेकडीआडून पुढे येऊन थांबलेत.)

दादा: केले! चौकोन केले त्यांनी, ठिणगे!

ठिणगी: बघितलं. सोडते घोडे.

दादा: ए, थांब! माझं पायदळ पोचतंय अजून.

ठिणगी: पण तो मधला चौकोन बघ ना, केवढासा आहे! आत्ता घुसले तर सरळ पलीकडे—

दादा: शिपाई पायी चालतात. पंख नाही फुटलेले त्यांना.

मामा: ठिणगी, घोड्यावर बोट ठेवलंयस. हलवतेस की काढतेस?

ठिणगी: ...दादा, मघाशी तुलाही असंच होत होतं?

दादा: अगदी असंच.

ठिणगी: काढलं बोट, मामा. याला गोळ्या झाडू दे.

दादा: हे फासे... पाच! फुटला! मधोमध वाट झाली, ठिणगे! अगं, आता कशाची वाट बघतेस?

ठिणगी: तू ‘जा’ म्हणायची.