अठरा दिवसांचे ढेकूण

भावजय : आमच्या पलंगावर कशाला टॉर्च मारताय? सांगितलं ना, ढेकूण मागच्या खोलीत आहेत. माझ्या नणंदेच्या खाटेत.

ढेकूणवाला : ती खाट बघून आलो, ताई. रॉकेलनं न्हाऊ घातलंय तिला. कोणी?

भावजय : मीच. दोनदा.

ढेकूणवाला : आणि गादी?

भावजय : आधी बाहेरच्या खोलीत ठेवली, मग जिन्यात. शेवटी फेकूनच दिली.

ढेकूणवाला : म्हणजे घरभर मिरवून आणलंत त्यांना! रॉकेलनं मरतात थोडे, पांगतात फार.

नणंद : वहिनी, माझी बॅग भरून झाली. चारला गाडी येईल. ट्रंक जड आहे, ड्रायव्हरला वर यायला सांगाल?

ढेकूणवाला : कुठे निघालात, ताई?

नणंद : बायकांच्या वसतिगृहात. खोली मिळालीय तिथे एक.

भावजय : वन्संच्याच सोयीसाठी हो. हात बघा त्यांचे, कसे सुजलेत! अठरा दिवसांपूर्वी आल्या आणि तिसऱ्या दिवशी अंगभर गांधी उठल्या. त्याआधी या घरात ढेकूण कसा दिसतो तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

नणंद : तीस वर्षं एकाच खोलीत राहिले मी. ती इमारत पाडायला काढली, म्हणून भावाकडे आले. माझ्या ट्रंकेतून काही आलं असेल तर मला खरंच कळलं नाही.

ढेकूणवाला : ट्रंक उघडून बघितली मी. कपड्यांच्या घड्या, बिजागऱ्या, तळाचा कागद. काही नाही. आता या मोठ्या पलंगाची पाठ सोडवू द्या मला.

भावजय : अहो, हात नका लावू! मखमल आहे ती, डाग पडेल. आणि इथे मी झोपते. मला आजवर एक चावला नाही.

ढेकूणवाला : चावला नाही, की कळलं नाही?

भावजय : कळणार नाही? दगड आहे का मी?

ढेकूणवाला : दगड नाही. पण पुष्कळांच्या अंगावर काही उठतच नाही. ढेकूण चावतो तेव्हा कोणालाच कळत नाही. गांधी उठते ती मागाहून, आणि तीही ज्याच्या त्याच्या कातडीच्या स्वभावानं. एकाच गादीवर नवरा खाजवून बेजार आणि बायको ढाराढूर, अशी घरं रोज बघतो मी. साहेबांना काही त्रास?

भावजय : यांना? छे. म्हणजे, त्यांचं ते साबणाचं आहे. साबण सोसत नाही त्यांना. तीन बदलून झाले.

ढेकूणवाला : कधीपासून?

भावजय : थंडी संपल्यापासून.

नणंद : दादाला? अहो, आईनं त्याला कपड्यांच्या साबणानं घासलाय लहानपणी. साधं पुरळ कधी आलं नाही.

भावजय : वन्सं, तुम्ही मध्ये बोलू नका. काढा हो, काढा ती पाठ. बघूनच टाका एकदा.

(स्क्रू निघतात. पलंगाची पाठ भिंतीपासून सुटते.)

ढेकूणवाला : या. टॉर्च धरा इथे.

भावजय : अगं बाई! हे काळं काय? शाई सांडल्यासारखं?

ढेकूणवाला : त्यांची घाण. प्यायलेलं रक्तच ते. थरावर थर बसलेत. आणि ही पिवळी टरफलं बघा. मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो ढेकूण, आणि दर खेपेला आधी पोटभर रक्त लागतं त्याला. ही तिळाएवढी, ही जवसाएवढी, ही मसुराएवढी. पिढ्या नांदल्यात इथे. अठरा दिवसांत अंड्याचा आजोबा होत नाही, ताई.

भावजय : मग किती जुने?

ढेकूणवाला : सहा-आठ महिने तरी. पलंग कुठून आणलात?

भावजय : जुन्या सामानाच्या दुकानातून. मखमल आवडली म्हणून. सगळ्यांना सांगितलं, नवा आहे.

ढेकूणवाला : दुकानदारालाही माहीत नसेल. यात लाज कसली? घर चकचकीत असो नाहीतर कळकट, ढेकणाला त्याचं काही नाही. त्याला माणसाची ऊब हवी आणि श्वास हवा. देवानं पोट त्यालाही दिलंय. आपण त्याला पंगतीला बसवू नये, एवढंच.

नणंद : म्हणजे मला इथल्याच ढेकणांनी फोडून काढलं.

ढेकूणवाला : हो, नव्या माणसाच्या वासानं काही तिकडे सरकले. तुमची कातडी खरं बोलली, ताई. साहेबांचीही बोलत होती, पण खापर साबणावर फुटलं. या ताईंची गप्प बसली.

भावजय : आणि मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून आले, ढेकूण तुम्ही आणलेत म्हणून. यांनाही सांगितलं. तुमची ट्रंक चिमट्यानं उघडली मी.

नणंद : हो, भांडी उतरवायच्या चिमट्यानं. आणि माझा कप वेगळा काढलात. ढेकूण काय कपातून चहा पितो?

भावजय : वन्सं, जाऊ नका. मी गाडीवाल्याला नको म्हणून सांगते.

नणंद : का? ट्रंक निर्दोष निघाली म्हणून? आणि तिच्यातून खरंच चार ढेकूण निघाले असते तर?

भावजय : तर जाऊ दिलं असतं तुम्हाला. खोटं कशाला बोलू?

नणंद : नाही बोललात, ते बरं केलंत.

भावजय : तुम्ही गेला असतात, ढेकूण इथेच राहिले असते, आणि तुमच्या भावासाठी मी चौथा साबण आणला असता. चुकलं माझं. ट्रंकेचं नाही म्हणत मी. काही निघालं असतं तरी तुम्ही घरच्याच होतात. ते विसरले, ते चुकलं.

ढेकूणवाला : ताई, मी परका माणूस, तुमच्यात पडत नाही. पण उजेड आहे तोवर काम उरकू. चादरी, अभ्रे, अंगावरचे कपडे, सगळं कढत पाण्यात. फटींना मी वाफ देतो, मग औषध. औषधानं अंडी मरतीलच असं नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा येईन. तोवर खोल्या बदलायच्या नाहीत. माणूस सापडला नाही की ते त्याला शोधत घरभर फिरतात. ज्यानं त्यानं आपापल्या जागी झोपायचं.

भावजय : वन्संची गादी तर मीच फेकली.

ढेकूणवाला : मग आजच आणा. आणि नवीच आणा बरं! आता एवढं लिहून घेतो. घरात झोपणारी माणसं किती?

भावजय : वन्सं, तुम्ही सांगा.

ढेकूणवाला : दोन लिहू?

भावजय : थांबा हो जरा. त्यांना विचार करू द्या.

नणंद : तीन लिहा.